उसनी बाळं

वार्सियेम हसलेली मी क्वचितच पाहिली. सकाळी सायकलवरून केळीच्या पानात बांधलेलं सोयाबीनचं तेंपे विकायची आणि महिन्यातून एकदा आमच्या कारांगतेंगा गावच्या बालकेंद्रात मुलांची वजनं करायची. पगार नाही. वर्षाकाठी बाटिकचं एक कापड, तेही कडक, अंगाला टोचणारं. मी तिच्या हाताखाली मुगाची खीर शिजवते.

बाळंतिणीला मासे बंद करणाऱ्या सासवांना ती त्यांच्याच अंगणात झापायची. "सुनेला नुसता मीठभात घालता, मग नातवाला दूध कुठून येणार? विहिरीतून?" सासवा चिडायच्या, पण पुढच्या महिन्यात सुनेला पाठवायच्या.

यंदा जिल्ह्याची स्पर्धा आली. उत्कृष्ट बालकेंद्र! गावप्रमुखाची बायको रेत्नानी, आम्ही मानाने बु म्हणजे बाई म्हणतो, हिने भिंती गुलाबी रंगवून घेतल्या, दारात कमान लावली, आम्हाला स्वागतगीत पाठ करायला लावलं. वजनकाट्याची दोरी मात्र तीच राहिली, गाठ मारलेली.

आणि शेजारच्या वाडीतून तिने गुबगुबीत बाळं मागवली. आमच्याकडे लग्नाला ताटं आणि खुर्च्या उसन्या आणतात, तशी.

"वार्सियेम," ती गोड आवाजात म्हणाली, "या खेपेला सार्तीला घरीच राहू दे हं. तिची पोरगी फार किडकिडीत आहे, परीक्षकांना बरं नाही वाटायचं."

सार्तीची पोरगी म्हणजे लारास. सार्तीचा नवरा मलेशियात पामच्या मळ्यावर. पोरीचं वजन मागच्या महिन्यातही वाढलं नव्हतं आणि आता ती गिळायलाही नको म्हणत होती. सुईणबाई आमच्याकडे वजनाच्या दिवशीच येते, आणि स्पर्धा त्याच दिवशी होती. तो दिवस हुकला की पुढचा महिना.

"बरं, बु," वार्सियेम मान खाली घालून म्हणाली. मोठ्यांना तोंडावर नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. बु रेत्नानी निश्चिंत झाली.

स्पर्धेच्या दिवशी परीक्षक पुढच्या रांगेत बसले, आम्ही गीत म्हटलं, एक उसनं बाळ अनोळखी मांडीवर बसून भोकाड पसरत होतं. तेवढ्यात वार्सियेमची सायकल थेट कमानीखालून आत आली. मागे सार्ती, तिच्या कुशीत लारास.

कुणाला काही कळायच्या आत वार्सियेमने लारासला झोळीत घालून काट्याला टांगलं. काटा जेमतेम हलला.

"तू बरं म्हणाली होतीस!" बु रेत्नानी दातांतून म्हणाली.

"सासूलाही जन्मभर 'बरं'च म्हणत आले मी, आणि केलं मनाचं."

परीक्षकांपैकी एक बाई उठून जवळ आली. "ही कुणाची?"

"ही आमची, बाईसाहेब. बाकीची जेवणाआधी परत करायची आहेत."

कुणीतरी फिसकन हसलं. वार्सियेम नाही हसली. "हसता कसले? गुलाबी रंगाला पैसा आहे, अंड्यांना नाही! ही पोर दिसू नये म्हणून घरात कोंडायची? लाज कुणाला वाटायला हवी, हिच्या आईला?"

सुईणबाईने लारासच्या सुजलेल्या पावलावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेचना. तिचा चेहरा उतरला. "इस्पितळात न्या. आत्ता."

"गाडीने परीक्षकांना जेवायला न्यायचं आहे," बु रेत्नानी पुटपुटली.

वार्सियेमने गाडीचं दार उघडलं, सार्तीला आत ढकललं, स्वतः शेजारी बसली. "काय बघतोस?" ती ड्रायव्हरवर खेकसली. "तुझी असती तर विचारत बसला असतास?"

त्याने गाडी काढली. परीक्षक टपरीवरच्या भाड्याच्या मोटारसायकलींवर बसून जेवायला गेले. बक्षीस दुसऱ्या गावाला गेलं. बु रेत्नानीने वार्सियेमला निरोप धाडला, पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस.

तो निरोप मीच तिला सांगितला, संध्याकाळी ती परतली तेव्हा. तिने ऐकला की नाही, कोण जाणे.

"सलाईन लावलंय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतो, दोन दिवस गेल्यावर सांगू. आणखी उशीर केला असता तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं, असंही म्हणाला. मेल्याने ते सार्तीला ऐकवलं!" मग माझ्या पातेल्यात डोकावली. "खीर उरलीय ना? डब्यात भर. ती सार्ती सकाळपासून उपाशी बसलीय. आणि अशी रडू नकोस, भर लवकर, मला परत जायचंय."