हॅलोवर घेतलेला बॉक्स

“हॅलो. हॅलो. चेक. वन टू. वन टू. हॅलो.”

आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीचा गायक उमरखेडच्या एका बिछायत केंद्रात, म्हणजे मंडप-स्पीकर भाड्यानं देणाऱ्या दुकानात, भर दुपारी ओरडत होता, माईक जवळजवळ गिळून. पुढ्यात एक जुना बॉक्स. बॉक्स म्हणजे ॲम्प; आमच्याकडे ज्याच्यातून आवाज निघतो त्या सगळ्याला बॉक्सच म्हणतात. त्याच्या पहिल्या हॅलोला मंडपाच्या बांबूंवरची कबुतरं उडाली ती थेट ढाणकीला जाऊन बसली. दुसऱ्या हॅलोला स्टँडवरच्या एसटीच्या काचा आपोआप खाली घसरल्या. खोटं वाटत असेल तर स्टँडवर जाऊन विचारा. कोणी नाही म्हणणार नाही. तिथं कोणी कोणाला उत्तरच देत नाही.

“घेऊन टाक,” गायक मला म्हणाला. “इतका साफ हॅलो म्या जिंदगीत नाई ऐकला.”

बॉक्स मला घ्यायचा होता. मी ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. चार जाड तारा, आवाज खालचा. असला तर कोणाला कळत नाही, नसला तर गाणं पोकळ वाटतं, असं निदान मी चौदा वर्षं सांगत आलोय. ती गिटार तेव्हाही माझ्या पाठीवर होती, कव्हरमध्ये, चेन लावलेली.

ही चौदा वर्षं मी मास्तरांच्या मोठ्या बॉक्सात वायर खुपसून काढली. मास्तर म्हणजे पार्टीचे मालक आणि कीबोर्डवाले. गावोगाव डीजे आले आणि आमची अकरा जणांची पार्टी आटत आटत चौघांवर आली: मास्तर, गायक, ऑक्टोपॅडवर ठेका धरणारा पॅडवाला आणि मी. आता पुढचा कोण, हे कोणी बोलत नव्हतं. मग मास्तरांनी नवा कीबोर्ड आणला, आणि एक दिवस ढाणकीच्या टपरीवर चहाच्या कपाशी बोलल्यासारखे म्हणाले, “आता माह्या डाव्या हातात बास येते, लेका. माह्या बॉक्समधी तुयी जागा नाई राह्यली. पार्टीत राहाचं असन तर सोताचा बॉक्स आन. गाडीवर बसला पाह्यजे, तुह्यासाठी टेम्पो नाई करत मी.”

“अन् नाई आनला तर?”

“तर नाई आनला.”

आठ दिवसांनी महागावला लग्नाची सुपारी होती. माझ्याकडे नऊ हजार होते. सहा बायकोला सांगितलेले, तीन न सांगितलेले. नव्या ॲम्पची किंमत मी मोबाइलवर पाहिली आणि मोबाइल उलटा ठेवला. म्हणून उमरखेडला गेलतो.

बिछायतवाल्याकडे तीन जुने बॉक्स होते. पहिला कपाटाएवढा. त्यात माझी चौथी, सगळ्यात जाड तार नुसती छेडली असती तर पैनगंगा उलटी वाहिली असती. “याले उचलाले चार मानसं अन् एक बैल लागते,” तो म्हणाला, “बैल तुमचा.” दुसरा इतका हलका की भाजीच्या पिशवीत मावला असता, आणि आवाज सर्दी झालेल्या डासाचा. तिसरा मधला. वर कातडी मूठ, खाली दोन चाकं, त्यातलं एक हजर. मोटरसायकलच्या कॅरिअरवर ठेवून पाहिला, जणू तिथंच जन्मला होता.

“याच्यात बास चालते का?” मी हळूच विचारलं.

“समदं चालते, भाऊ. शाळेच्या झेंडावंदनाले हाच नेतो आपण.”

तेव्हा चेन उघडून गिटार लावायची होती. एवढंच काम होतं. पण आमच्या भागात बॉक्स हॅलोवर घेतात. देवळाचा असो, ग्रामपंचायतीचा असो, हॅलो साफ आला की माणसं माना हलवतात आणि सौदा होतो. दुकानात सात-आठ जण जमले होते आणि सगळ्यांच्या माना हलत होत्या. शिवाय एकदा ढाणकीच्या मंडपात मी कार्यक्रमाआधी एकटाच बास वाजवून पाहत होतो, तर एक म्हातारबा उठून आले आणि म्हणाले, “मोटर बंद करा ना बाप्पा, इहिरीत पानी नाई.” मंडप हसला. त्या दिवसापासून मी चारचौघांत एकटा वाजवलेलं नाही.

गायकाचा आवाज दोरी बांधून खाली ओढला तरी माझ्या चौथ्या तारेपर्यंत पोचत नाही, हे मला माहीत होतं. जो बॉक्स हॅलो झेलतो तो बास झेलेलच असं नाही, हेही माहीत होतं. तरी मीही मान हलवली.

दुसऱ्याच दिवशी महागावला मी बॉक्स सायकलच्या ट्यूबनं बांधून नेला. मास्तरांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. “बसला गाडीवर?” म्हणाले. मी हो म्हणालो. “मंग लाव.”

दुपारचं लग्न. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, पहिलं गाणं सुरू झालं. मी चौथी तार ओढली. बॉक्समधून फर्रर्र असा आवाज आला, ओली ताडपत्री फाटल्यासारखा. पहिल्या पंगतीतल्या एका पाहुण्यानं शेजाऱ्याकडे संशयानं पाहिलं. दुसऱ्यांदा ओढली, पुन्हा फर्रर्र. तिसऱ्यांदा काहीच नाही. लाल दिवा मात्र जळतच राहिला.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा डावा हात कीबोर्डवर खाली सरकला आणि मोठ्या बॉक्समधून बास आला. गोल, भरीव, ठेक्याला धरून. एकेक जागा माझीच होती. चौदा वर्षं शेजारी उभा राहून मीच ती त्यांच्या कानात भरली होती.

मी गिटार उतरवली नाही. उतरवून जाणार कुठं? सोळा गाणी मी मुक्या तारांवर बोटं फिरवली. सुरावर मान डोलावली, कडव्यांच्या मध्ये पॅडवाल्याला खूणही केली. व्हिडिओवाल्यानं जवळ येऊन माझ्या बोटांची खास शूटिंग घेतली आणि अंगठा वर केला. त्या नवरा-नवरीच्या घरी मी आजही फार जोरात वाजवतो आहे.

पंगती उठल्यावर मास्तर वायर गुंडाळत होते. मी माझ्या बॉक्सला पुन्हा ट्यूब बांधली, दोनदा सोडली, दोनदा आवळली. मग विचारलं, “मास्तर, आज बास कमी पडला का?”

त्यांनी वायरीचं वेटोळं पुरं केलं, खांद्यावर टाकलं.

“नाई,” ते म्हणाले. “बराबर होता.”