खाणीची माती कुठे टाकायची

आधी माफी मागतो. आमच्या घरात सहीपलीकडे काही लिहिणारा मी पहिलाच, आणि आठवणी लिहाव्यात असं माझ्या हातून काही घडलेलंही नाही. पण परळच्या एका खोलीत पडलेला प्रश्न अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे धाडस.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. गिरणगावात रोज संध्याकाळी कुठे ना कुठे सभा. मुंबई कुणाची, यावर नाक्यानाक्यावर वाद. आमच्या कोकणातल्या गावच्या चाकरमान्यांना मात्र आणखी एक कोडं पडलं होतं. गावच्या डोंगरात लोखंडाची खाण निघणार होती. हाती लागणारं खनिज थोडं, त्यासाठी उपसायची दगडमाती ढीगभर. ती टाकायला जागा दाखवा, नाहीतर आम्हीच बघतो, असं खाणवाल्यांनी गावाला बजावलं. जमिनींचे मालक सगळे इथे गिरण्यांत, म्हणून गावाने मुंबईला निरोप धाडला.

मी तेव्हा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होतो. गावकऱ्यांनी मला परळच्या त्यांच्या खोलीवर बोलावलं. आम्ही बौद्धवाडीतले, धर्मांतराला फार दिवस झाले नव्हते, आणि त्या खोलीत आमच्यापैकी कुणी कधी बसलं नव्हतं. बाबा सोबत आले. चहा आला तेव्हा त्यांनी आधी सगळ्यांचे कप बघितले, मग आपला. सारखेच होते. मग प्यायले.

जागा जवळपास ठरलेलीच होती. आमच्या वाडीच्या वरची घळ.

"थय कोणाचा काय असा? पडीकच ती," एक जण म्हणाला.

त्या घळीखाली आमच्या वाडीचा झरा होता. वरच्या वाडीच्या विहिरीवर आम्हाला कधी जाऊ दिलं नव्हतं. गावी राहणारी माझी आई झऱ्याचंच पाणी भरायची. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "आपण डोंगर करून बघूया का? पाणी कुठे जातं ते दिसेल."

लोक हसले, पण पुढच्या रविवारी लालबागच्या गणपतीच्या कारखान्यातून शाडू घेऊन आले आणि चाळीच्या अंगणात बसले. ज्याने त्याने आपल्या दारातून दिसणारा डोंगर रचला.

"तुझ्या घरामागे एवढो डोंगर खयसून इलो रे?"

"आमच्याकडसून तसोच दिसता!"

भांडत भांडत डोंगर झाला. घळीत खाणीच्या मातीच्या जागी गेरू ठेवून तांब्याने पाणी ओतलं. तांबडं पाणी आमच्या वाडीला वळसा घालून सरळ खाडीकडे गेलं. म्हणजे घळ निर्धोक. सगळे खूश झाले.

मला चैन पडेना. शाडू पाणी पीत नाही, आणि आमचा डोंगर तर जांभ्या दगडाचा. सरांना विचारून कॉलेजातून जांभ्याचा एक तुकडा आणला आणि खोलीवर सगळ्यांसमोर परातीवर धरून वर पाणी ओतलं. पाणी दिसेनासं झालं. थोड्या वेळाने खालून थेंब पडू लागले.

"ह्यो तर आमच्या गिरणीतल्या जॉबरासारखो पिता!" कुणीतरी ओरडलं. मग प्रत्येकाला स्वतः ओतून बघायचं होतं.

घळीतलं पाणी असंच झिरपून झऱ्यात उतरणार, म्हणून आता प्रश्नच बदलला. पाणी न पिणारी जागा कुठली? खाडीकडच्या उतारावर काजूची बाग असलेले वरच्या वाडीतले म्हातारे तात्या कोपऱ्यात बसले होते. मी विचारलं, "तात्या, तुमच्या काजूत विहीर का नाही?"

"खणलेली आज्यान. काळो फत्तर लागलो. थेंब नाय." बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे माती माझ्याच वाट्याक काय रे, झिला?"

बाबा म्हणाले, "तात्यानू, झरो गेलो तर आमका दुसरा पाणी नाय."

तात्यांनी जांभ्यावर पुन्हा पाणी ओतलं आणि थेंब पडेपर्यंत बघत राहिले. मग रागानेच म्हणाले, "घाला, मेल्यांनो. पण खाली बांध घालूक सांगा."

निरोप गेला. खाणवाले तो ऐकतील की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. खाणीचं काम लांबत गेलं. पुढे ते सुरू झाल्याचं कानावर आलं, पण झऱ्याचं कुणी नीट सांगेना. गावाहून येणारा माणूस इथल्या मोर्चांचं विचारायचा आणि मी त्याला झऱ्याचं.

राज्य झालं त्या उन्हाळ्यात गावाहून मामा आले. रोषणाईचे दिवे अजून उतरले नव्हते. मी त्यांना दारातच गाठलं. माती तात्यांच्या काजूतच पडली होती, खाली बांधही होता. झरा नितळ होता. बाबा भिंतीला टेकून बसले.

मग मामांनी सांगितलं की खाणीचा खड्डा खोल गेला तशी वरच्या वाडीची विहीर आटली. आम्ही माती कुठे जाईल एवढंच विचारलं होतं. खड्डा कुठलं पाणी ओढील, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"मगे पाणी खयसून भरतत ते?" बाबांनी विचारलं.

"आपल्या झऱ्यार. तात्यांची सून पण येता." मामा माझ्याकडे वळले. "तुझ्या आवशीन सगळ्यांका सांगल्यान, हंडो घेवन रांगेत ऱ्हवा. ऱ्हवतत."