पीस किती निघाले?

संगी, जिंतूरच्या स्टँडवर तू मला सोडायला आलीस त्याला अकरा वर्षं झाली. माझी आर्या तुझ्या कडेवर होती आणि उतरायला तयार नव्हती. तुझे दाजी आधीच वाकडला गाडी चालवायला आले होते, त्यामुळे बॅगा आईनंच चढवल्या. खिडकीतून हात आत घालून तिनं माझ्या पिशवीत दोन ब्लाउजपीस कोंबले आणि म्हणाली, “तिकडं कुणाशी हुज्जत घालू नको, बाई. सांगतील तसं करत जा.” मी रडत होते, पण आतून खूशही होते. हे तुला तेव्हा सांगितलं नाही.

तेव्हा मला पीस म्हणजे ब्लाउजपीसच माहीत. रहाटणीला खोली घेतली, चाकणच्या कंपनीत लागले आणि तो शब्द दिवसाला शंभरदा कानावर यायला लागला. इथं पीस म्हणजे गाडीच्या सीटखाली बसणारी पत्र्याची पट्टी. प्रेसखाली सपाट पत्रा ठेवायचा, वरून दणका बसला की पीस तयार. वाकडा निघाला तर रिजेक्ट पीस. शिफ्ट सुटताना कुणी कुणाला बरं आहे का विचारत नाही, पीस किती निघाले ते विचारतात. मलाही या प्रश्नाची सवय झाली, इतकी की एकदा तुझा फोन चालू असताना मी तुझ्या दाजींना तेच विचारलं आणि तू हसलीस.

गेल्या आठवड्यात आर्याला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं, एका इंग्रजी शब्दाची माहिती काढायची. तिनं माझ्यासाठी म्हणून हाच शब्द घेतला. बुद्धिबळाची सोंगटी पीस, केकचा तुकडा पीस, वाजवलेलं संगीत पीस, आणि शेजारच्या मुमताजआपा एखाद्या इरसाल माणसाला ‘काय पीस आहे’ म्हणतात, तेही तिनं लिहिलं. मग मोबाईलवरून वाचून दाखवलं. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला, त्याच्या आधी तो लॅटिनमध्ये होता, आणि त्याच्याही मागं, तिकडं फार पूर्वी राहणाऱ्या लोकांच्या बोलीत, त्याचा अर्थ वाटा, हिस्सा असा असावा म्हणतात. एका अख्ख्या वस्तूतून एकाच्या वाट्याला आलेलं. “आई, तुझ्या कंपनीतलं एक वाक्य सांग ना,” ती म्हणाली. मला एकच वाक्य सुचलं, पीस किती निघाले, आणि ते मी तिला सांगितलं नाही. भाजी करपते म्हणून उठले.

आता तुला सगळं सांगते. आमच्या प्रेसला दोन बटणं असतात, डावीकडं एक, उजवीकडं एक. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे त्या वेळी दोन्ही हात बाहेर राहतात. पण असं केलं तर टार्गेट निघत नाही. म्हणून आम्ही एका बटणावर लाकडाचा गुटका ठोकून ते कायमचं दाबून ठेवतो. एक हात बटणावर, दुसऱ्या हातानं पीस आत. सुपरवायझरला सगळं दिसतं. मुमताजआपांचे सलीमभाई आमच्याकडं मेंटेनन्सला आहेत. ते येता-जाता गुटके काढून टाकायचे. “भाभी, ये मत लगाओ. एक दिन हात जाईल कुणाचा तरी.” ते पुढं गेले की आम्ही परत लावायचो. मी तर हसायचेसुद्धा.

दिवाळीनंतर मंगल आली. चाकणच्या पलीकडच्या गावातली, तुझ्याच वयाची, बोलायला मोकळी. चार नंबरच्या प्रेसवर तिला मी शिकवलं. गुटका कसा बसवायचा तेही मीच दाखवलं. “व्हय ताई, तुमी दावा, आमी शिकू,” म्हणाली आणि खरंच पटकन शिकली. तिसऱ्या आठवड्यात तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

त्या दुपारी सुपरवायझरनं एक कागद पुढं केला. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात, असं लिहिलं होतं. साक्षीदार म्हणून खाली माझं नाव छापून तयार होतं. “ताई, सही करून टाका. तिला पैसे मिळवून देऊ, तुम्ही काळजी करू नका,” म्हणाला. चार नंबरवरचा गुटका तोवर कुणीतरी काढला होता. मी आईनं सांगितलं तसंच केलं, सांगितली तिथं सही केली.

दवाखान्यात मंगलनं मला काय विचारलं माहीत आहे? “ताई, माजंच चुकलं का वं? तुमी तर बरोबर दावलं व्हतं.” मी तिला आराम कर म्हटलं आणि सफरचंदं ठेवून निघून आले. संगी, मी इतकी वाईट बाई आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

चार नंबरवर आता कुणी बसायला तयार नाही. प्रेस पुसून ठेवलीय, दिवा चालू असतो, आणि शेजारून जाताना बायका पदर सावरतात. सुपरवायझरला नवीन माणूस हवं, ज्याला काही माहीत नाही असं. तुलाही इथं कामाला लावायचं म्हणून तुझा फोटो आणि आधारकार्ड मी अपघाताच्या आधीच त्याला पाठवलं होतं. परवा त्यानं तुझा गेटपास माझ्या हातात दिला. प्रेसच्या रकान्यात चार लिहिलं होतं.

काल मी त्याला तो परत दिला, बहीण येत नाही म्हणाले. वाटलं, चिडेल. तो मोबाईलमधून वरही न बघता म्हणाला, “चालतंय. वाशिमची एक मिळालीय. सोमवारी येईल, शिकवा तिला.”

म्हणजे तू सुटलीस. मला तेव्हा हायसं वाटलं, आणि त्याचीच मला आज भीती वाटते. ती वाशिमची पोरगी या घडीला कुठंतरी बॅग भरत असेल. तिच्या गावी तिला खूप काही सांगितलं असेल, पण गुटक्याबद्दल कोण सांगणार?

सोमवारी मी तिला दोन्ही बटणं दाबायला शिकवणार आहे, आणि त्या कागदावरची सही खोटी आहे हे ऑफिसात लिहून देणार आहे. सलीमभाई सोबत येतो म्हणाले. हे ऐकल्यापासून तुझे दाजी माझ्याशी बोलत नाहीत. नोकरी जाईल, कदाचित त्याहून वाईट होईल, सुपरवायझरला आमची खोली माहीत आहे.

तू विचारलं होतंस ना, इतक्या वर्षांत रहाटणी घरासारखी वाटते का? मला वाटायचं, जिथं आपलं माणूस असतं ते घर. पण आता आर्यासमोर बसतानासुद्धा मला परक्याच्या ओसरीवर बसल्यासारखं होतं, आणि गावी तुझ्यासमोर आले तरी तसंच होईल. मला पुन्हा कुठंही घर वाटायचं असेल तर त्याची वाट मंगलच्या दारातून जाते. उद्या रविवार आहे, तिच्या गावाला जाणारी बस नऊला सुटते. ती दार उघडेल तेव्हा बसण्याआधीच तिला सांगायचं आहे, “मंगल, तुझं चुकलं नव्हतं.”