टाकी कोण भरतं

जेवण झाल्यावर वासंतीबाई सोफ्यावर जरा कलंडतात. झोपायचं नसतंच त्यांना. चार वाजता इथल्या, कॅनडातल्या एडमंटनमधल्या दहा-बारा मराठी मंडळींची ऑनलाइन बैठक आहे आणि तिथं त्यांना एवढंच सांगायचंय, की करवंदवाडीचं काम आजपासून बंद. विहिरीवर सौरपंप, टेकाडावर टाकी, वाडीत नळ, सगळं याच मंडळींनी नऊ वर्षांपूर्वी उभं केलं. गावाकडून ते बघायचे सखाहरी भांगरे. दर रविवारी न चुकता वासंतीबाईंना नळाचा फोटो पाठवायचे. गेल्या महिन्यात ते वारले. आणि आज सकाळी त्यांची सून सुगंधा फोनवर सहज बोलून गेली, "नळाला तीन वर्सं पानी न्हाई, ताई. फोटूच्या दिशी आमी बायाच विहिरीवरनं हंडे आनून टाकी भरायचो."

बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरावा म्हणून नळ, आणि त्या नळाच्या फोटोसाठी पुन्हा हंडे! वासंतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही.

पाय गार पडतात. पांघरूण आणायला म्हणून त्या तळघरात उतरतात, तर कपडे सुकवायच्या मशीनला टेकून सखाहरी बसलेले. धोतर, टोपी, गुडघे पोटाशी. मशीन गरगरतंय आणि आत कपड्यांऐवजी पाणी खळखळतंय.

"लई गारठा तुमच्याकडं," ते म्हणतात.

"तुम्ही गेलात ना?"

"गेलो की. म्हून तर यायला जमलं. आता इसा लागत न्हाई."

हसू येतं, म्हणून वासंतीबाईंना आणखीच राग येतो. "केसानं गळा कापलात, सखाहरी. मी तुम्हाला सख्ख्या भावासारखं मानलं. पंप बिघडला एवढं सांगायला काय झालं होतं?"

सखाहरी उठून जिना चढू लागतात. वासंतीबाई मागोमाग. पायऱ्या शेवाळलेल्या आहेत, विहिरीच्या आहेत, आणि संपतच नाहीत.

"सांगनारच व्हतो. पर त्या रविवारी तुमी फोनवर माझं त्वांड समद्यांना दाखवलं. मानसं उभी ऱ्हाऊन टाळ्या वाजवाया लागली. मंग कसं सांगू?"

"पुढच्या रविवारी सांगायचं!"

"पुढच्या रविवारी मागचं खोटं बी कबूल करावं लागलं आसतं."

विहिरीच्या काठावर बायका रांगेनं उभ्या आहेत. त्या हंडे उचलून टेकाड चढतात, शिडीवर जातात, टाकीत पाणी ओततात. टाकी वासंतीबाईंच्याच स्वयंपाकघरात आहे, सिंकच्या वर. सगळ्यांत पुढे सुगंधा, सातवा महिना लागलेला, एक हात कमरेवर.

"अगं थांबा!" वासंतीबाई ओरडतात. "नको मला तो फोटो!"

"उरका गं बायांनो," सुगंधा म्हणते. "ताई वाट बघत आसत्याल."

वासंतीबाईंना रडू फुटतं. "मला काहीच माहीत नव्हतं हो. सगळ्यांनी मिळून फसवलंत मला."

सखाहरी विहिरीच्या काठावर टेकतात, टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात. "फोटूत नळाखाली कंदी चिखूल दिसला तुमाला?"

वासंतीबाई डोळे पुसतात.

"समदी वाडी पानी भरती तो नळ, आन् खाली भेगाळल्याली भुई. तुमी इंजिनेर बाई. येक डाव फोन करून म्हनलात, सखाहरी, फोटो मोठा करून बघतेय. म्या म्हनलं, आता खोटं घावनार. वाटलं, सुटलो आता. तर तुमी इचारलं, पाऊसपानी कसं हाये?"

हे खरं आहे. वासंतीबाईंना तो फोटो आठवतो, भेगा आठवतात, आणि घाईघाईनं विषय बदलणारा स्वतःचा आवाजही.

"म्हणजे चूक माझी?"

"न्हाई. खोटं माझंच. पर त्या खोट्यात मला येकल्यालाच ठिवलंत, ताई."

वासंतीबाईंना उत्तर द्यायचंय, चांगलं खरमरीत, पण तेवढ्यात सुगंधा भरला हंडा त्यांच्या डोक्यावर ठेवते. मान आत जाते. शिडी समोर आहे. एक पाय वर, मग दुसरा. पाणी हिंदकळून कानामागून पाठीत उतरतं. वरून सखाहरी हात पुढे करत नाहीत. ते तिथं नाहीतच.

फोन वाजतोय. चार वाजून गेलेत. वासंतीबाई मान धरून सोफ्यावर उठून बसतात आणि फोन उचलतात. पडद्यावर एकेक ओळखीचा चेहरा येतो. बोलायची वाक्यं त्यांनी सकाळीच घोकून ठेवलीत. आम्हाला अंधारात ठेवलं, विश्वासघात झाला. राग तर अजून तेवढाच आहे, सखाहरींवर आहेच आहे.

"वासंतीताई," कुणीतरी विचारतं, "डोक्यावर काय आहे ते?"

त्यांचा हात वर जातो. स्वयंपाकघरातलं फडकं, पिळून घट्ट गोल वळलेलं. जन्मात त्यांना कधी असं वळता आलेलं नाही. मधोमध ओलं आहे.

"हंड्याखालची चुंबळ," त्या म्हणतात. काढून ठेवत नाहीत. "नळ तीन वर्षं बंद आहे. बसा, सांगते. आणि तो बंद असल्याचं मला कधी दिसलं होतं, ते आधी सांगते."