पहिलं नको

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, पण तेव्हापासून कुणाला आग्रह करताना माझी जीभ अडखळते.

होळीच्या दुसऱ्या दिवशी बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. तपकिरी झगा, कमरेला गाठींचा पांढरा दोर, समोर नुसती काळी कॉफी. मी फोनवर घरी बोलत होतो, ते ऐकून म्हणाले, "पुण्याचे का?" ते वसईचे, फ्रान्सिस्कन साधू.

सिंगापुरात असं मराठी कानावर पडलं की हात आपोआप डब्याकडे जातो. मी पुरणपोळी पुढे केली. "नको," ते म्हणाले. मी अर्थातच ऐकलं नाही. मी दुसऱ्यांदा आग्रह केल्यावर त्यांनी ती घेतली आणि सावकाश संपवली.

मग बोटं पुसत म्हणाले, "आमच्या पंथातला पहिला पोप असाच झाला. निवडणुकीच्या वेळी रोममध्ये तापाची साथ आली. पोप निवडणारे काही कार्डिनल मेले, बाकीचे पळाले. हा एकटा भर उन्हाळ्यात हवा शुद्ध राहावी म्हणून खोल्याखोल्यांत शेकोट्या पेटवून तिथेच राहिला. परत आल्यावर त्यांनी यालाच निवडलं. हा नको म्हणाला. त्यांनी पुन्हा निवडलं."

"आपल्याकडे पहिलं नको कोण धरतं, फादर?" मी हसलो.

ते हसले नाहीत. "त्याचं नको खरं होतं. त्याच्याच काळात पवित्र भूमीतलं ख्रिस्त्यांचं शेवटचं मोठं शहर शत्रूच्या हाती पडलं. त्याने मदतीसाठी हाका मारल्या, एकही राजा आला नाही. वर्षभरात तोही गेला."

मला पुढचं विचारायची भीतीच वाटली. तरी विचारलं, "आणि तुमचं नको?"

"ईस्टरपर्यंत उपास आहे माझा," ते उठत म्हणाले. "पोळी छान होती."