दुरुस्तीवाल्याची गादी

नातेवाईक त्याला 'संपादक' म्हणत, कारण तो थोड्याथोडक्या नाही, एकेचाळीस वेबसाइट चालवायचा. सासरे तर चारचौघांत छाती फुगवून ओळख करून देत. काम मात्र एवढंच होतं: या सगळ्या साइटनी एकमेकींचे गोडवे गायचे आणि मिळून एका गाद्यांच्या दुकानाकडे बोट दाखवायचं. इतके जण सांगतायत म्हणजे दुकान चांगलंच असणार, असं सर्च इंजिनला वाटावं आणि गिऱ्हाइकाला ते दुकान सगळ्यात वर दिसावं.

नव्या साइटवर सर्च इंजिन चटकन विश्वास टाकत नाही. म्हणून मालकांनी सोडून दिलेल्या जुन्या साइट तो आपल्या नावावर करून घ्यायचा. अशीच शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एकाची साइट त्याच्या हाती लागली. तो माणूस वारला होता. दोरा का तुटतो, टाका का सुटतो, यावर त्याने बारा वर्षं नेटकं लिहिलं होतं. कितीतरी शिंपी आपल्या साइटवरून तिकडे वाट दाखवायचे. संपादकाने ती पानं काढून टाकली, नाव आणि फोटो तेवढा ठेवला. खाली त्या दुकानातल्या गादीची जाहिरात लावून लिहिलं, 'मी स्वतः याच गादीवर झोपतो.'

एका दुपारी साइटवर टाकलेल्या त्याच्या नंबरावर फोन आला.

"मी त्या मशीनवाल्यांची बायको," आवाज वयस्कर होता. "आभार मानायला फोन केला. वाटलं होतं, सगळं बंद पडलं. काल भाचीने उघडून दाखवलं, तर ह्यांचा फोटो जिथल्या तिथे! तुम्ही ह्यांच्याच हाताखाली शिकलात का?"

"हो," तो बोलून गेला.

"तरीच. एक तेवढं बदला हं. गादीचं काहीतरी लिहिलंय. हे पाठीमुळे तीस वर्षं फळीवर झोपले. लग्नातली गादी मी एकटीनेच झिजवली!" ती हसली.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कोण होतं?" बायकोने विचारलं. "राँग नंबर," तो म्हणाला.

काढलेल्या पानांची प्रत त्याच्याकडे होती. ती परत चढवताना त्याने पहिल्यांदाच वाचली. एका ठिकाणी होतं, 'बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं नसतं, सुई उलटी लावलेली असते. हे सांगताना गिऱ्हाइकाला हसू नये.' पुढचं त्याच्याने वाचवेना.

पत्ता विचारून तो तिच्या घरी गेला. दारातच तिने शेजारणीला सांगितलं, "हे ह्यांचे शिष्य." शेजारीण गेल्यावर त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. तो तिच्या नवऱ्याला कधी भेटलाच नव्हता, हेही.

तिने एवढंच विचारलं,

"अशी अजून किती माणसं आहेत तुमच्याकडे?"

"गेलेली? सहा-सात असतील. मी कधी बघितलं नाही."

"बघा मग," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी आणलेला चहाचा कप उचलून आत घेऊन गेली.

मशीनवाल्याची साइट त्याने भाचीच्या नावावर करून दिली. बाकीच्यांच्या घरी फोन लावायला बसला. पहिल्या घरी मुलाने शिव्या घातल्या. त्या त्याने मुकाट्याने ऐकल्या. दुसऱ्या घरी कोणी फोन उचलला नाही, आणि त्याला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली. तिसरा फोन त्याने अजून लावलेला नाही.