फळं तळाला गेली

“मोठी यायची तवा असं न्हाई व्हायचं,” भट्टीवाले मामा त्यांच्या कामगाराला म्हणाले. “हिनं घरनंच फळं कालवून आणली. तीन तास रांगेत डबा. जातील न्हाई तर काय खाली?”

मी दोन हातांवर होते, पण त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही. मी गप्प राहिले की लोकांना तसंच वाटतं. मामांनी आमचा केक डब्यातून काढून उलटा ठेवला होता. तळाला मनुका आणि टुटीफ्रुटीचा चिकट, काळपट थर. वरचा केक अगदी कोरा.

नाताळच्या आठवड्यात आमच्या भागातली बरीच घरं याच बेकरीत केक भाजून घेतात. मिश्रण घरी करायचं, डब्यात ओतायचं, डब्यावर चिठ्ठी चिकटवायची आणि बसायचं. पाव निघून भट्टीची धग उतरली की मगच केकचे डबे आत जातात. आमच्या घरचा डबा घेऊन ताई आणि मी यायचो. ताई फळांचा डबा वेगळा आणायची. रांगेत बसून आम्ही त्यातल्या मनुका खायचो, आणि मला इतकी वर्षं वाटत होतं, तो डबा त्यासाठीच असतो. आमचा नंबर आला की ती उठून मामांकडे जायची. मी पिशव्या सांभाळत मागे बसायचे. मामांच्या टेबलावर फळांना मैदा चोळून ती मिश्रणात घालायची, हे मी कधी पाहिलंच नाही; आज मामांच्या बोलण्यातून कळलं. मला सगळं दिसतं असं मी समजते.

दोन वर्षांपूर्वी ताईनं पप्पांना न विचारता लग्न केलं. ती पुण्याला राहते. पप्पा एवढंच म्हणाले, “या घरात तिचं नाव काढायचं नाही.” आई कधी चुकून ‘ती’ म्हणते आणि पाणी प्यायला उठते. त्यानंतर केक केलाच नाही. यंदा मी म्हटलं, मी करते. आदल्या दिवशी मनुका संत्र्याच्या रसात भिजवताना चार वेळा फोन हातात घेतला. पप्पांनी माझा फोन कधी तपासलेला नाही. कुणी अडवलं नव्हतं. मीच लावला नाही. नंतर इंटरनेटवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातल्या बाईच्या घरी स्वतःचा ओव्हन होता, तिला थांबायचं नव्हतं.

संध्याकाळी पप्पा नागापूरच्या कारखान्यातून पाळी संपवून आले. आईनं केक कापला.

“अगंबाई,” ती म्हणाली. “चव मात्र छान उतरलीये हो.”

पप्पांनी तुकडा उलटून पाहिला. “फळं जमिनीत पेरलीस का काय?” ते हसले. मला हसवायला हसले, हे कळत होतं. मी हसले नाही तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली.

“असू दे, बेटा. कशाला एवढी धावपळ? पुढच्या वर्षीपासून दुकानातून आणू. सगळे आणतात.”

आईनं मान हलवली. म्हणजे ठरलं. पुढच्या वर्षी भट्टीवर जायचं नाही, मामा तिची आठवण काढणार नाहीत, आणि आमच्या घरात ताई होती हे बोलणारं कुणी उरणार नाही.

पप्पा टीव्हीचा रिमोट शोधायला लागले होते.

“दुकानातला नको, पप्पा,” मी म्हणाले. “मला ताई पाहिजे.”